कोन्या तलावाच्या मासोऱ्या

दुपार कलली तरी तुमसरच्या बाजारात यशोदाबाईची टोपली हलकी झाली नव्हती. मरळ, वाघूर, दोन मोठे कतले, सगळं जसंच्या तसं पडून होतं. खालचा बर्फ विरघळून पोत्यातून पाणी गळत होतं. त्या ओलीवर माश्या बसत होत्या. यशोदाबाई एका हातानं माश्या हाकलायची, दुसऱ्या हातानं मासोळ्यांवर पाणी शिंपडायची. वैशाखाचं ऊन ताडपत्रीतून गाळून येत होतं तरी डोक्यावरचा पदर तापला होता.

एक बाई वाकली. चांगल्या घरची दिसत होती. तिनं मरळ उचलला, कल्ला उघडून पाहिला आणि विचारलं, "कोन्या तलावाच्या होत वो?"

"कोसंबटोल्याच्या. सकारीच काढल्या. पाहा ना, कल्ला कसा लाल आहे."

बाईनं मरळ हळूच टोपलीत ठेवला, जशी काही ती त्याची माफी मागत होती.

"काहून जी? ताजा आहे."

"ताजा आहे वो. पन तुमच्या तलावाचं पानी बिघडलं म्हनते. त्या मासोऱ्या खाऊन बायकायले वाकडी लेकरं होऊन राहिली. माही सून पोटुशी आहे, बाई."

"कोन म्हनते असं?"

"सारेच म्हनते."

बाई निघून गेली. यशोदाबाईच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण घरी पाळण्यात तिचा नातू होता आणि त्याचे दोन्ही पाय आत वळलेले होते. बाजारात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकानं तेच विचारलं तेव्हा तिनं मान खाली घालून "चांदपूरच्या" असं सांगितलं. जन्म मासोळी विकण्यात गेला होता, पण आपल्या तलावाचं नाव तिनं कधी लपवलं नव्हतं. मरळ गेला. तराजू धरलेला हात मात्र तिला परक्याचा वाटला.

संध्याकाळी उरलेली टोपली घेऊन ती घरी आली. अंगणात मुरारी, तिचा लेक, फाटलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून विणत होता. त्यानं टोपलीकडे पाहिलं आणि परत धागा ओवला. आत ज्योत्सना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून ती त्याच्या पावलांना लावत होती. बाळाचे तळवे एकमेकांकडे तोंड करून होते, नमस्काराला हात जुळावेत तसे. ज्योत्सना अंगठ्यानं दाबून एक पाऊल सरळ करायची. ते तिच्या हातात असेपर्यंत सरळ राहायचं, सोडलं की पुन्हा आत वळायचं. तरी ती पुन्हा दाबायची.

"रडते का?" यशोदाबाईनं विचारलं.

"नाही रडत. हासते. त्याले का समजते?"

शेजारणी यायच्या, पाळण्यात डोकावायच्या आणि गिरणाची, म्हणजे ग्रहणाची, गोष्ट काढायच्या. पोटुशी असताना गिरणात हिनं काही कापलं असेल, चिरलं असेल. यशोदाबाई त्यांना सांगून थकली होती. गिरणाच्या दिवशी तिनं सुनेला उंबरा ओलांडू दिला नव्हता, सुईसुद्धा हातात घेऊ दिली नव्हती. तरी हे झालं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला रिताचं लेकरू फाटल्या ओठाचं जन्मलं. तिथं तर तलावाची मासोळी शिजतच नव्हती, ते माळकरी घर होतं. पण दोन लेकरं एका वर्षात झाली, आणि लोकांना एवढं पुरेसं होतं.

दिवेलागणीला चंद्रभान आला. यशोदाबाईचा दीर, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. तिच्या नवऱ्यामागं या घराचं बरंवाईट त्यानंच पाहिलं होतं. खाटेवर न बसता तो उभ्याउभ्याच बोलला.

"वयनी, परवा दवाखान्याची टीम येऊन राहिली. मागच्या दोन-तीन साली गावात जेवढी लेकरं झाली, जिती का मेली, तेवढी मोजनार आहेत. कोनात काय खोट आहे ते पाहनार. पुऱ्या जिल्ह्यात सुरू आहे म्हनते."

"मंग पाहू दे ना."

"पाहू दे कशी? आता नुस्ती कुजबुज आहे. सरकारी मानसानं लेहून नेलं का शिक्का बसते. तलाव आटून राहिला. मासोरी आता नाही उठली तर तापल्या पान्यात मरून वर येईन. सारी घरं त्याच्यावर आहेत." त्यानं आवाज खाली घेतला. "रिताच्या सासऱ्याले बी सांगतलं. त्यानं तिले माहेरी धाडलं. तुमी बी ज्योत्सनाले थोडे दिवस माहेरी, पवनीले ठेवा."

मुरारी जाळ्यातून वर न बघता म्हणाला, "काका, उपकेंद्राची मेघा सिस्टर म्हने का पाय लवकर दाखवा. हाडं नरम आहेत तोवरच सरळ होते."

"दाखव ना बापा, कोन नाही म्हनते? पानी पडलं का दाखव."

मुरारीनं जाळ्याची गाठ आवळली. त्याच सोसायटीच्या डोंग्यात त्याला उद्या बसायचं होतं. यशोदाबाईला बाजारातली बाई आठवली, गळणारं पोतं आठवलं, आणि ती म्हणाली, "नेतो मी तिले. पोचवून येतो."

आत ज्योत्सनानं तेलाची वाटी ठणकन खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासू-सून निघाल्या. पवनीला जायला भंडाऱ्याला बस बदलावी लागते. तिथं पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. ज्योत्सनानं बाळाचे पाय दुपट्यात घट्ट गुंडाळले होते. बसमध्ये कुणी "पाहू बरं लेकरू" म्हटलं की ती फक्त तोंड दाखवायची.

भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीची गाडी लागलेली होती. यशोदाबाई पिशवी उचलून निघाली, पण ज्योत्सना बाकावरून हलली नाही.

"ऊठ ना वो. जागा भेटनार नाही."

"आत्याबाई, मागच्या वेरी बी असंच लपवलं."

यशोदाबाई थांबली. दोन वर्षं घरात कुणी ही गोष्ट काढली नव्हती. ज्योत्सनाला सातवा लागला होता, तेव्हा एका सकाळी पोटातली हालचाल थांबली होती. तुमसरला नेलं तर बाळ मेलेलंच निघालं, आणि त्याची पाठ उघडी होती. यशोदाबाई आणि मुरारी, दोघांनी मिळून ते तलावाच्या पारीखाली, बांधालगत, पुरलं. गावाला सांगितलं की पोट पडलं. सुनेला तर काहीच सांगितलं नाही. ती ग्लानीत होती, शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

"तवा मले पाहू बी नाही देलं," ज्योत्सना म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर यशोदाबाईनं तिला दटावलं असतं. "आता हा जिता आहे. ह्याले बी फडक्यात बांधून नेऊन राहिलो आपन. कोठं कोठं नेऊ मी ह्याले? चालायला लागन तवा?"

कंडक्टर पवनी, पवनी ओरडत होता. घंटी वाजली. गाडी धूळ उडवत स्टँडबाहेर पडली आणि यशोदाबाई पिशवी हातात धरून गाडीकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मोठा दवाखाना कोन्या अंगाले आहे, इचार कोनाले तरी," ती म्हणाली.

दवाखान्यात पायाच्या प्लास्टरचा दिवस होता. हे त्यांना ठाऊक नव्हतं, नशिबानं जुळलं. लांब ओसरीत बायका बसल्या होत्या, आणि जिच्यातिच्या मांडीवर लेकरू. कुणाच्या पायाला मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर, कुणाच्या पायांत मधे पट्टी ठोकलेले छोटे बूट. यशोदाबाई दारातच थबकली. कोसंबटोल्यात वाटायचं, साऱ्या जगात हेच एक लेकरू असं आहे.

ती एका बाईजवळ सरकून बसली. "कोन गावच्या तुमी?"

"शहापूर."

"तुमच्या गावात तलाव आहे का?"

बाई हसली. "आहे ना. काहून?"

"त्याच्यातल्या मासोऱ्या खाता?"

"खातो कधी कधी."

यशोदाबाईचा चेहरा पडला. ती पुढच्या बाईकडे वळली. ती जवाहरनगरची, नवरा फॅक्टरीत नोकरीला, नळाचं पाणी. मासोळी? आम्ही अंडंसुद्धा खात नाही, ती म्हणाली. तिसरी विणकराच्या घरची. तिच्या घरी मासोळी यायची ती बाजारातून, कोणत्या तलावाची ते तिनं कधी विचारलं नव्हतं. यशोदाबाई ओसरीभर फिरली. गाव, तलाव, पाणी, मासोळी, गिरण. काही बायका वैतागल्या, काहींना मजा वाटली. ज्योत्सना लाजून खाली बघत होती.

"आजी, तुम्ही तर माझंच काम करताय," मागून कुणीतरी म्हणालं.

ती डॉक्टर करुणा होती. नागपूरहून आलेली, केस बांधलेले, गळ्यात ओढणी गुंडाळलेली, उन्हानं दमलेली. गावोगाव जन्मलेल्या लेकरांची मोजणी चालली होती ती हिच्याच हाताखाली. उद्या ती कोसंबटोल्याला जाणार होती. यशोदाबाईला हे कळलं तेव्हा तिला पळून जावंसं वाटलं. पण बाळाचा नंबर लागला होता.

आत एका माणसानं बाळाचं पाऊल हलक्या हातानं थोडंसं, अगदी थोडंसं बाहेर वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. दुसऱ्यानं कापूस गुंडाळला, वर ओली पट्टी. बाळ आधी किंचाळलं, मग ज्योत्सनानं छातीशी घेतल्यावर पीत पीत झोपलं. दर आठवड्याला असं थोडं थोडं करायचं, डॉक्टरीण म्हणाली. शेवटी टाचेची शीर किंचित कापावी लागेल, मग बूट. बूट कित्येक महिने, नंतर झोपताना काही वर्षं. "कंटाळून सोडलं तर पाय परत वळतात. पण नेटानं केलं तर हा पळेल."

"बाई," यशोदाबाई म्हणाली, "ते जवाहरनगरची बाई मासोरी खात नाही. तरी तिच्या लेकराले झालं. मंग आमच्या तलावाचं काही नाही ना? तसं सांगा ना गावाले."

डॉक्टरीण लगेच हो म्हणाली नाही. "एवढ्यावरून नाही सांगता येणार, आजी. तुम्ही ज्यांची लेकरं अशी आहेत त्यांनाच विचारलंत. ज्यांची चांगली आहेत त्या बायकांनाही विचारायला नको? त्याही तलावाची मासोळी खात असतील तर?"

यशोदाबाई विचारात पडली. चांगल्या लेकराच्या आईला जाऊन काही विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठंही शंभर लेकरं जन्मली तर दोन-तीनांत काही ना काही व्यंग असतंच. श्रीमंताच्या घरी, परदेशातसुद्धा. बहुतेक वेळा का झालं ते आम्हालाही सांगता येत नाही. एका गावात एका साली दोन झाली म्हणजे तलाव वाईट, असं नाही. चांगलाच, असंही नाही. सगळ्या गावांतली सगळी लेकरं मोजली तर कळेल, कोसंबटोल्यात जास्त आहेत का. लपवली तर कधीच कळणार नाही. आणि लोक म्हणायचं ते म्हणतच राहतील."

"आन जास्त निघाली तर?"

"तर पाणी तपासायचं. तुमचीच नातवंडं पितात ना ते?"

डॉक्टरणीनं ज्योत्सनाकडे वळून विचारलं, "हे पहिलं बाळ?"

"हो जी, पहिलंच," यशोदाबाई सवयीनं बोलून गेली.

"दुसरं," ज्योत्सना म्हणाली.

खोलीत पंखा कुरकुरत होता. डॉक्टरणीनं हातातला पेन खाली ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. ज्योत्सनानं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. सातवा महिना, हालचाल थांबली, तुमसर. त्यापुढचं तिला सांगता येईना. "मी पायलं नाही. ह्याईनं पायलं."

दोघी यशोदाबाईकडे बघू लागल्या. तिनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"पाठ उघडी होती," ती अखेर म्हणाली. "कमरेच्या वरतं. लाल, मासोरीचा कल्ला असते तशी. बाकी सारं बराबर होतं. बोटं होती, नखं होती. केस लय होते. कारे कारे." तिनं काठ हातातून सोडला. "पोरगी होती."

ज्योत्सनानं मान वर केली. "पोरगी होती?"

"हो वो."

"कोनासारखी?"

"तुह्यासारखी. नाक तुह्यासारखं."

ज्योत्सना बाळाच्या डोक्यावर गाल टेकून बसून राहिली. बाहेरून एका लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता.

मग डॉक्टरणीनं समजावून सांगितलं. पाठीचा कणा महिना चुकल्या चुकल्याच बनत असतो, बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आत. तेव्हा शरीरात एक जीवनसत्त्व कमी असलं तर तो कधी कधी नीट मिटत नाही. त्याच्या गोळ्या असतात, पण त्या दिवस जायच्या आधीपासून घ्याव्या लागतात, आणि आधी असं बाळ झालेल्या बाईला त्या जास्त ताकदीच्या द्यायच्या असतात. "या बाळाच्या वेळी कुणी दिल्या नाहीत, कारण कुणाला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी मला आधी सांगा. आणि ज्योत्सना, यातलं काहीच तुझ्या हातून झालेलं नाही."

आपण सुनेची लाज झाकली, असं यशोदाबाईला दोन वर्षं वाटत आलं होतं.

"तिले बी मोजता का?" ज्योत्सनानं विचारलं. "मेली तरी?"

"मोजते," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही सांगितलं तर मोजते."

"मंग मोजा."

त्या पवनीला गेल्याच नाहीत. घरी परतल्या तेव्हा ढिवरमोहल्ल्यात बायका नळावर होत्या. बाळाचे पाय दुपट्याबाहेर होते, पांढरेशुभ्र, लपवू म्हटलं तरी लपले नसते. मुरारी धावत आला. त्यानं प्लास्टरवर बोट वाजवून पाहिलं, आईकडे बघितलं, आणि बाळाला उचलून साऱ्यांच्या समोरून घरात नेलं.

चंद्रभान अंगणात येऊन गरजला. "सोसायटीचं ठरलं होतं, वयनी! तुमी घरच्याच मानसानं तलाव बुडवला."

"भाऊजी, मी बाजारात तलावाचं नाव खोटं सांगतलं. किती दिवस सांगू?" यशोदाबाई म्हणाली. "मोजू द्या. खोट निघाली तर पान्यात निघन. मंग ते पानी आपन कायले प्यावं?"

तो पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी टीम आली तेव्हा समाजमंदिरात मोजक्याच बायका आल्या. यशोदाबाई नातवाला घेऊन सर्वांत पुढं बसली होती. मेघा सिस्टरनं घरोघर जाऊन उरलेल्यांना आणलं. आठवड्यानं रिताही परतली. तिच्या लेकराच्या ओठाचं ऑपरेशन नागपूरला होणार होतं.

मासोळीचं व्हायचं ते झालंच. त्या उन्हाळ्यात कोसंबटोल्याचा माल पडत्या भावानं गेला, काही तर पारीवर वाळत पडला. मुरारीला महिनाभर तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती उचलायला जावं लागलं. खांदे सोलपटून यायचा, ज्योत्सना टोरीचं तेल आता त्याच्या खांद्यांना लावायची. डोंग्यात त्याच्याशेजारी बसायला काही जण कुरकुरायचे. डॉक्टरणीनं मोजणीचा निकाल यायला वर्ष तरी लागेल असं सांगितलं होतं. तोवर बाजारात कुणी विचारलं की यशोदाबाई आपल्या तलावाचं नाव घ्यायची. कुणी घ्यायचं, कुणी जायचं.

दर आठवड्याला एक प्लास्टर निघायचं, दुसरं चढायचं. शेवटचं निघालं तेव्हा आषाढ लागला होता. आतून पाय बाहेर आले ते बारीक, फिकट, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे सुरकुतलेले. पण सरळ. ज्योत्सनानं एक पाऊल तळहातावर घेतलं. ते तिथं सपाट टेकलं आणि टेकूनच राहिलं.

त्याच आठवड्यात, पावसानं जरा उघडीप दिली असताना, चंद्रभान आला. किती दिवसांनी तो या अंगणात पाय ठेवत होता. यशोदाबाईनं खाट पुसून दिली. तो बसला. तलावाला पाणी किती चढलं ते बोलला, मासोळीचं बी कुठून आणायचं ते बोलला. ज्योत्सनानं चहा आणला, तो पिऊन झाला, तरी उठेना. ओसरीत बाळ बुटांची पट्टी जमिनीवर आपटत होतं, ठक, ठक. तो तिकडेच बघत होता.

"वयनी."

"बोला ना जी."

"ते डॉक्टरीन. साकोलीकडची बी लेकरं मोजते का?"

साकोलीला त्याची लेक मंजुषा दिली होती. मागच्या दिवाळीत तिचं बाळंतपण झालं होतं आणि बाळ गेलं, एवढंच गावाला सांगितलं होतं. यशोदाबाईनं त्याहून जास्त कधी विचारलं नव्हतं.

"पुरा जिल्हा मोजते म्हनते," ती म्हणाली.

"एक दिवस जगलं ते. डोकं..." चंद्रभानचे हात गुडघ्यावरून उठले, हवेत काहीतरी आकार करू पाहत थांबले आणि परत गुडघ्यावर पडले. "पोरगी परत दिवस राहू द्याचं म्हनते. मी म्हटलं, आधी इचारून पाहू."

"इचारा ना. मेघा सिस्टरपाशी फोन आहे तिचा. उद्या मी येतो तुमच्यासंग."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "लेहून घ्याले नाव लागते का त्याचं?"

"नाव नसलं तरी घेते. आमच्या पोरीचं कोठं होतं?"

"नाही," चंद्रभान म्हणाला, "नाव होतं. मंजुषानं ठेवलं होतं." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावरून फिरवला. "भूषण."